डोंगर हाच चौथरा

ग्योंगजूजवळच्या नामसान डोंगरात, सम्नुंग खोऱ्यात, वाट चढणीला लागते न लागते तोच एक दगडी बुद्ध भेटतो. त्याला डोकं नाही. हात गेलेले, गुडघे फुटलेले. 1964मध्ये विद्यार्थ्यांना तो खोऱ्यातल्या मातीत गाडलेला सापडला. आता तो वाटेकडेच्या खडकावर बसवलेला आहे. येणारेजाणारे थांबतात, फोटो काढतात, हळहळतात आणि पुढे सरकतात. हळहळ रास्तच आहे, पण तिच्यापायी खरी बघायची गोष्ट नजरेतून निसटते. ती आहे डाव्या खांद्यावर. चीवर जिथे बांधलंय तिथे दोरीची एक गाठ आहे, गाठीखाली लोंबणारी टोकं आहेत, आणि टोकांना गोंडा आहे. भरड दाण्याच्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेली ही गाठ आजही बोटाने ओढली तर सुटेल अशी दिसते. छातीचा पसरट भाग कारागिराने जवळजवळ मोकळा सोडला आहे आणि सगळी कारागिरी त्या वीतभर जागेत ओतली आहे. बाराशे वर्षांनंतर डोकं नसतानाही मूर्ती अपुरी वाटत नाही, त्याचं श्रेय या वाटणीला.

किती कोरायचं आणि किती सोडायचं, हा हिशेब डोक्यात ठेवून ग्योंगजू पाहावं असं माझं मत आहे. सोलहून वेगवान रेल्वेने दक्षिण कोरियातलं हे शहर दोन तासांवर. परंपरेप्रमाणे इसवीसनपूर्व 57पासून इसवीसन 935पर्यंत, म्हणजे जवळपास हजार वर्षं, ते सिल्ला राज्याची राजधानी होतं. सातव्या शतकात सिल्लाने शेजारची दोन राज्यं जिंकून द्वीपकल्पाचा बराचसा भाग एका छत्राखाली आणला, आणि त्यानंतरच्या दीडदोनशे वर्षांत इथे जे बांधलं, कोरलं, ओतलं गेलं त्यावर कोरियन कलेचा इतिहास आजही उभा आहे. पर्यटक येतात ते बुल्गुक्सा मंदिर, सोक्गुरामची गुहा आणि गावातल्या हिरव्या टेकड्यांसारख्या राजसमाध्या पाहायला. तिन्ही पाहाव्यातच. पण ही शैली मुळातून कळते ती गावाच्या दक्षिणेच्या या डोंगरात. उत्तर-दक्षिण सुमारे आठ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम चार, एवढाच त्याचा पसारा. मुख्य शिखरं दोन, कुमोबोंग 468 मीटर आणि गोविबोंग 494 मीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. मात्र एवढ्या जागेत शंभरावर मंदिरांचे अवशेष, शंभरावर बुद्धमूर्ती आणि शंभराच्या आसपास लहानमोठे पॅगोडे विखुरले आहेत.

वाटेची सुरुवात पाइनच्या बनातून होते. बनात तीन गोल समाध्या आहेत, सिल्लाच्या तीन राजांच्या मानल्या जातात. इथले पाइन सरळ वाढत नाहीत. वाकडे, पिळवटलेले, एकमेकांच्या अंगावर रेललेले. बे ब्योंग-उ या कोरियन छायाचित्रकाराने पहाटेच्या धुक्यात काढलेल्या यांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंनी हे बन जगभर पोचवलं, त्यामुळे पहाटे इथे तिपाया लावून बसलेली माणसं हमखास दिसतात. त्यांच्यामागून दबक्या पावलांनी वर जावं.

त्या डोकं नसलेल्या बुद्धाजवळूनच डावीकडे एक छोटी वाट फुटते. ती चुकवू नये. वर खांबासारख्या उभ्या खडकावर अवलोकितेश्वर आहे, हातात पाण्याची कुपी घेतलेला. त्याच्या ओठांवर लालसर झाक आहे. रंग लावलेला नाही, दगडाचीच छटा आहे असं सांगतात. तसं असेल तर चेहरा नेमका कुठे यावा हे खडकाने ठरवलं आणि कारागिराने ते ऐकलं. चेहऱ्याचा उठाव स्पष्ट आहे. कमरेखाली तो मंदावत जातो आणि पायांशी मूर्ती कुठे संपते नि खडक कुठे सुरू होतो हे सांगणं अवघड होतं.

थोडं पुढे गेलं की रेषाच उरतात. शेजारशेजारच्या दोन खडकांवर दोन बुद्धत्रयी आहेत, सहाही आकृत्या निव्वळ रेषेत. पुढच्या खडकावर बुद्ध उभा आहे आणि दोन्ही बाजूंचे बोधिसत्त्व गुडघे टेकून काही अर्पण करताहेत. मागच्या खडकावर बुद्ध बसलेला आहे आणि बोधिसत्त्व उभे आहेत. ही अदलाबदल सहज झालेली नसावी. दोन्ही खडक एका नजरेत घेतले की बसणं आणि उठणं यांची लय जाणवते. पुढच्या चित्रात मध्य उंच आणि कडा खाली, मागच्यात बरोबर उलट. रेषा इतकी सैल, इतकी न अडखळता वळलेली आहे की ती कुंचल्याने ओढली असावी असा भास होतो, आणि मग छिन्नी-हातोडीची आठवण येऊन माणूस गप्प होतो. दुपारच्या प्रखर उन्हात ही रेष जवळजवळ नाहीशी होते. उन्हं तिरपी असताना जावं, किंवा पावसानंतर.

मागच्या खडकाच्या माथ्यावर आणखी एक गोष्ट आहे, पण बाजूने चढून वर गेल्याशिवाय ती दिसत नाही: पावसाचं पाणी चित्रावर न येता बाजूला वळावं म्हणून खोदलेली लांब पन्हळ. ही पन्हळ मला खालच्या रेषांइतकीच प्रिय आहे. रेषा इतक्या उथळ ठेवायच्या तर पाण्याची वाट आधी बदलावी लागेल, हे ज्याला सुचलं तो भोळा भाविक नव्हता, पक्का कारागीर होता. लेणी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे लगेच ओळखू येईल, कारण आपल्याकडेही लेण्यांच्या माथ्यावर असेच पाट काढलेले असतात.

आणि लेण्यांचा विषय निघालाच आहे तर फरकही सांगायला हवा. अजिंठा, कार्ले, वेरूळ ही सगळी बेसॉल्टची कामं. आपला कारागीर कातळात शिरला आणि आतून पोकळी काढत गेला. ग्रॅनाइट तसं सहज आत येऊ देत नाही. नामसानचा कारागीर म्हणूनच पृष्ठभागावर राहिला. कुठे खोल उठाव, कुठे उथळ, कुठे नुसती रेष, असं खडक बघून त्याने ठरवलं. सांगसोनाम या लहानशा मठाच्या वरच्या कड्यावर सहा मीटरच्या आसपास उंचीचा बसलेला बुद्ध आहे. तिथे या तिन्ही पद्धती एकाच मूर्तीत आल्या आहेत. डोकं जवळजवळ पूर्ण शिल्प, खांद्यांपाशी उठाव उतरत जातो, आणि मांडी घातलेले पाय केवळ रेषेत. वरून खाली पाहिलं तर मूर्ती दगडात विरत जाते, खालून वर पाहिलं तर दगडातून वर येते. वाट खालूनच येते, तेव्हा दुसरं वाचन कारागिराच्या मनातलं असावं.

कुमोबोंगचं शिखर झाडीने वेढलेलं आहे. तिथे नावाचा दगड आहे, काकड्या आणि किंबाप खात बसलेले हौशी गिर्यारोहक आहेत, आणि त्यांच्यातले आजोबा-आजी परक्या माणसाला आग्रहाने खाऊ घालतात. शिखराबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. खरं शिखर पलीकडच्या उतारावर आहे, योंगजांगसा मंदिराच्या जागी. मंदिर उरलेलं नाही. उरलाय तो कड्याच्या टोकावरचा तीन मजली पॅगोडा, उंचीने जेमतेम साडेचार मीटर. सिल्लाच्या पॅगोड्याला एरवी दोन टप्प्यांचा चौथरा असतो, खालचा रुंद आणि वरचा अरुंद. इथे खालचा टप्पा बांधलेलाच नाही. खडकालाच थोडं तासून त्यावर वरचा टप्पा ठेवून दिलाय. म्हणजे खालचा चौथरा हा अख्खा डोंगर. खोऱ्यातून वर पाहणाऱ्याला पॅगोड्याची उंची साडेचार मीटर दिसत नाही, ती शेकडो मीटर दिसते. एक टप्पा गाळून एवढं मिळवणारा स्थापत्यकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. हा पॅगोडा मध्ये कोसळला होता आणि 1922मध्ये विखुरलेले दगड गोळा करून पुन्हा रचला गेला, हे कळल्यावरही जादू कमी होत नाही, कारण ती दगडांत कमी आणि जागेच्या निवडीत जास्त आहे.

त्याच्या थोडं खाली तीन गोल थाळ्यांच्या उतरंडीवर बसलेला आणखी एक बुद्ध आहे, त्यालाही डोकं नाही. तेराव्या शतकातल्या ‘साम्गुक युसा’ या ग्रंथात योंगजांगसाची एक गोष्ट आहे. तेह्योन नावाचे भिक्षू मैत्रेयाच्या मूर्तीला प्रदक्षिणा घालायचे, तेव्हा मूर्तीही त्यांच्याबरोबर तोंड फिरवायची. ती मूर्ती हीच, असं मानतात. गोष्टीतली मूर्ती मान वळवते आणि समोरच्या मूर्तीला मानच नाही. त्या गोल थाळ्या मात्र पाहणाऱ्याला नकळत भोवती फिरायला लावतात. पंधराव्या शतकात किम सी-सुप हा बंडखोर लेखक याच मठात येऊन राहिला. पुतण्याला हटवून गादी बळकावणाऱ्या राजाची चाकरी त्याला नको होती. ‘कुमो सिन्ह्वा’ हा त्याचा कथासंग्रह कोरियातलं पहिलं कथात्मक पुस्तक मानला जातो. त्याच्या नावातला कुमो म्हणजे हाच डोंगर.

इथून योंगजांग खोऱ्यात उतरणारी वाट दगडधोंड्यांची, काही ठिकाणी दोराची. सगळा पल्ला रेंगाळत केला तर चारपाच तासांचा. खाली गावात उतरलं की माक्कोल्ली ही गढूळ पांढरी तांदळाची दारू आणि कांद्याच्या पातीचं जाडसर धिरडं, पाजोन, मिळतं, आणि डोंगर उतरून आलेल्या प्रत्येक कोरियन माणसाच्या टेबलावर या दोन वस्तू असतातच.

ग्योंगजूच्या जेवणाबद्दल कोरियातच एक तक्रार ऐकू येते, की इथे पाहायला भरपूर आणि खायला बेताचं. मला ती मान्य नाही. राजसमाध्यांच्या भिंतीलगत स्साम्बापची दुकानं आहेत. टेबलभर लहान वाट्या मांडल्या जातात. भाज्या, मासे, लोणची, वाफवलेली कोबीची पानं, कच्ची लेट्यूस आणि पेरिलाची पानं, मध्ये भात आणि आंबवलेल्या सोयाबीनची झणझणीत चटणी. पान तळहातावर घ्यायचं, त्यात भात, चटणी, हवं ते घालायचं, पुडी करायची आणि एकाच घासात तोंडात. स्वयंपाकघराने काम अर्ध्यावर सोडलेलं असतं, उरलेलं जेवणाऱ्याने करायचं. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारावं. किमचीत सहसा माशाचा अर्क असतो आणि बिनमांसाच्या दिसणाऱ्या रश्शातही सुक्या माशांचा स्वाद असू शकतो. सकाळी इथलं हेजांगकुक घ्यावं. आदल्या रात्रीची दारू उतरवण्यासाठी प्यायचं हे सूप कोरियाभर मिळतं, पण ग्योंगजूच्या सुपात बकव्हीटच्या पिठाच्या जेलीच्या पट्ट्या, मोड आलेली कडधान्यं, समुद्री शेवाळ आणि चिरलेली किमची असते. रक्त, हाडं, आतडी यांचा जड थाट नाही. पातळ आणि स्वच्छ चव.

गोडात ह्वांगनाम-पांग. 1939पासून इथे बनणारी ही टिकली पुरणपोळीच्या कुळातली आहे. आवरण नावापुरतं, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं भरपूर गोड सारण, आणि वर फणीसारख्या ठशाची नक्षी. अलीकडे तरुणांची रांग असते ती दहा वॉनच्या नाण्याच्या आकाराच्या, आत चीज भरलेल्या पावाला. 2023मध्ये बँक ऑफ कोरियाने नाण्याची नक्कल म्हणून त्याला हरकत घेतली होती, पुढे नियम सैल झाले. नाण्यावर चित्र आहे ते बुल्गुक्सामधल्या दाबोताप पॅगोड्याचं, आणि तो खरा पाहायला गेलं की नाण्यासाठी त्याचीच निवड का झाली ते कळतं. जिने, कठडे, अष्टकोनी मजले, सगळं लाकूडकामाची नक्कल करणारं, सगळं ग्रॅनाइटमध्ये. अंगणात त्याच्यासमोर सोक्गाताप उभा आहे, तीन मजले, नक्षी नाही, फक्त प्रमाणं. 1966मध्ये त्याच्या पोटातून लाकडी ठशांनी छापलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ, निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत तिची गणना होते. गर्दी दाबोतापभोवती असते. माझं मत सोक्गातापला. दाबोताप एकदा पाहून कौतुक करावं, सोक्गाताप पाहत बसावं. बाकी बुल्गुक्साचं लाकडी बांधकाम सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी आक्रमणात जळालं होतं, आज दिसतं त्यातलं बरंच 1969 ते 1973मधल्या जीर्णोद्धारातलं आहे. दगडी जिने नि ओटे मात्र मूळचे.

मंदिराच्या वर तोहामसान डोंगरात सोक्गुराम आहे. दोन्हींचा कर्ता एकच मानतात, किम देसोंग. 751मध्ये त्याने काम सुरू केलं. परंपरा सांगते की बुल्गुक्सा या जन्मीच्या आईवडिलांसाठी आणि सोक्गुराम गेल्या जन्मीच्या आईवडिलांसाठी. इथे वर आलेला लेण्यांचा मुद्दा पुरा होतो. ग्रॅनाइटमध्ये गुहा खोदणं फार कठीण, तेव्हा सिल्लाच्या लोकांनी ग्रॅनाइटचे चिरे घडवून गुहा बांधली आणि वरून माती टाकून तिला डोंगरात घातलं. गोल दालनावरचा घुमट वक्र चिऱ्यांचा आहे, आणि चिऱ्यांच्या मधून लांब दगडी खुंट्या मागे भरावात गेल्या आहेत. त्यांच्या वजनावर घुमट तोलला जातो. माथ्यावरच्या मोठ्या गोल दगडाचे तीन तुकडे झाल्याची कथा ‘साम्गुक युसा’त आहे, आणि त्या दगडाला खरोखरच भेगा आहेत. बुद्धाची प्रभावळ डोक्यामागे जोडलेली नाही, ती मागच्या भिंतीत कोरली आहे. नमस्कार करणारा ठराविक जागी उभा राहिला तरच ती डोक्याभोवती बरोबर बसते. लंबवर्तुळ अशा बेताने काढलंय की खालून पाहताना वर्तुळ दिसावं. साडेतीन मीटरच्या आसपासचा हा बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत आहे. चिनी यात्रेकरू श्वेनत्सांगने बोधगयेच्या मूर्तीची जी मापं लिहून ठेवली होती, त्यांच्याशी याची मापं जुळतात असं काही कोरियन अभ्यासकांनी दाखवलं आहे.

हे सगळं आज काचेबाहेरून पाहावं लागतं. 1910च्या दशकात जपानी राजवटीने दुरुस्ती करताना घुमट काँक्रीटने वेढला. हवा अडली, ओल धरली, शेवाळ चढलं. साठच्या दशकात बाहेरून आणखी एक काँक्रीटचा घुमट आणि पुढे लाकडी दालन आलं, आणि आता यंत्रं हवा कोरडी ठेवतात. किती सोडायचं हे न कळलेल्या दुरुस्तीचा हा नमुना म्हणावा लागेल.

बोधगयेचं माप सिल्लापर्यंत पोचणं दंतकथा वाटू नये म्हणून एक नाव सांगतो. ह्येचो हा सिल्लाचा भिक्षू 720च्या दशकात समुद्रमार्गे भारतात आला, पूर्वेपासून दक्षिण आणि पश्चिम भारतापर्यंत फिरला आणि मध्य आशियातून चीनला परतला. त्याच्या प्रवासवर्णनाचा तुटका हस्तलिखित भाग 1908मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओला चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत मिळाला, आता तो पॅरिसला आहे. दक्षिणेत असताना त्याने घरची आठवण काढणारी कविता लिहिली आणि तीत ग्येरिमच्या बनाचा उल्लेख आहे. ते बन अजून ग्योंगजूच्या मधोमध आहे, छोम्सोंगदे या सातव्या शतकातल्या वेधशाळेपासून चालत दोन मिनिटांवर. ह्येचो परत सिल्लाला गेल्याची नोंद नाही.

राजसमाध्यांबद्दल थोडक्यात. दार नसलेले मातीचे डोंगर, आत लाकडी कोठी, तिच्यावर दगडांचा ढीग, वर माती. बोगदा खणायला गेलं की दगड कोसळतात, म्हणून चोरांना त्या पावल्या नाहीत. सर्वांत मोठी जोडसमाधी, ह्वांगनाम-देछोंग, 120 मीटर लांब. 1973मध्ये ती उघडण्याआधी सराव म्हणून शेजारची एक लहान समाधी उघडली, तर तिच्यातच सोन्याचा मुकुट आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडा निघाला. तीच छोन्माछोंग, जिच्या आत आज जाता येतं. जोडसमाधीत सोन्याचा मुकुट राणीच्या बाजूला मिळाला, राजाच्या बाजूचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

परत नामसानकडे येतो, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. दक्षिणेकडच्या योराम खोऱ्यात 2007मध्ये एक प्रचंड दगड तपासताना त्याच्या खालच्या अंगाला कोरलेला बुद्ध सापडला. सत्तरऐंशी टनांचा हा दगड कधीकाळी, बहुधा भूकंपात, उतारावर पालथा पडला. बुद्धाचं नाक खालच्या खडकापासून पाच सेंटिमीटरवर थांबलं, आणि ऊनपाऊस न लागल्याने चेहरा जवळजवळ नवाकोरा राहिला. जोग्ये या कोरियन बौद्ध संप्रदायाला तो उभा करायचा आहे. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. पूजेची मूर्ती तोंडावर पडलेली भाविकाला कशी बघवेल? पण एवढं वजन हेलिकॉप्टरला पेलत नाही, क्रेन न्यायची तर झाडी तोडून उतारावर रस्ता कापावा लागेल, आणि दगड उचलताना तडकला तर भरपाई नाही. अभियंत्यांच्या चाचण्या चालू आहेत. मत देण्याचा अधिकार मला नाही, तरी सोक्गुरामची काच पाहून आल्यावर मी पालथा ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. उन्हापावसापासून आडोसा करावा, खालचा उतार पक्का करावा आणि काम तिथेच थांबवावं. वाकून, मान तिरकी करून त्या फटीतून चेहरा पाहता येतो. त्यासाठी खालच्या वाहनतळापासून चढून यावं लागतं, आणि एवढं करायला ग्योंगजूत आलेल्या कोणाची हरकत नसावी.